चौदाव्या दिवसाची हद्द

गर्भात जीव केव्हा येतो, या प्रश्नाला निरनिराळ्या समाजांनी जी उत्तरे दिली त्यांत एक गोष्ट समान आढळते, ती ही की बहुतेकांनी दिवस मोजले. ॲरिस्टॉटलने पुरुषगर्भाला चाळीस आणि स्त्रीगर्भाला नव्वद दिवसांची मुदत घातली. ज्यू धर्मपंडितांनी तालमुदात पहिल्या चाळीस दिवसांच्या गर्भाला केवळ पाणी मानले. इस्लामी धर्मशास्त्र्यांपैकी पुष्कळांनी एकशेवीस दिवसांनंतर गर्भात रूह फुंकली जाते असा निर्णय दिला. आणि आपल्याकडे गर्भोपनिषदाने एका रात्रीचे कलल, सात रात्रींचा बुद्बुद, अर्ध्या मासाच्या आत पिंड आणि महिन्याच्या आत काठिण्य असा क्रम लावून ठेवला. चरकसंहितेने मात्र मुदतीच्या भानगडीत न पडता, शुक्र, शोणित आणि जीव यांचा कुक्षीत संयोग झाला की त्याच क्षणापासून त्याला गर्भ म्हणावे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. रोमन कॅथलिक चर्चने मध्ययुगात ॲरिस्टॉटलची गणना थॉमस ॲक्विनास यांच्या मार्फत आपलीशी केली होती, आणि १८६९ मध्ये पोप नववे पायस यांनी सजीव झालेला गर्भ व न झालेला गर्भ हा दंडविधानातील भेद काढून टाकीपर्यंत ती निदान कागदोपत्री तरी जिवंत होती.

या सगळ्या गणनांविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या वस्तूचे दिवस मोजायचे ती वस्तू मोजणाऱ्यांपैकी कोणीही जिवंत अवस्थेत पाहिलेली नव्हती. पहिल्या पंधरवड्यातला मानवी गर्भ आईच्या उदरात असतो आणि खुद्द आईलाही त्याची वार्ता नसते, कारण पाळी चुकल्याचे तिच्या ध्यानी येईतो तो पंधरवडा सरत आलेला असतो. त्यामुळे त्याच्याविषयी तत्त्वचिंतन कितीही झाले तरी त्याच्याशी कसे वागावे हा प्रश्न कोणाही माणसापुढे, आज सकाळी या हाताने काय करायचे अशा स्वरूपात, कधी उभा राहिलाच नव्हता. तो प्रथम उभा राहिला इंग्लंडात, केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत आणि लँकेशायरमधील ओल्डम या गिरण्यांच्या गावात. आणि त्याला जे उत्तर मिळाले ते चौदा दिवसांच्या मर्यादेच्या रूपाने आज जगातील अनेक देशांच्या कायद्यांत आणि नियमावल्यांत, आपल्याही, नांदते आहे. ही मर्यादा हलवावी असा विचार अलीकडे जोराने पुढे येत असताना ती कोणी, कोणत्या कारणांनी आणि किती वादानंतर घातली याची आठवण बुजून जावी, हे मला धोक्याचे वाटते, म्हणून हा इतिहास थोड्या विस्ताराने सांगावासा वाटतो.

रॉबर्ट एडवर्ड्स हे यॉर्कशायरच्या एका कष्टकरी कुटुंबात जन्मलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ उंदरांच्या बीजांडांचा अभ्यास करता करता मानवी बीजांडाकडे वळले. १९६८ च्या सुमारास त्यांची गाठ ओल्डमच्या पॅट्रिक स्टेप्टो या स्त्रीरोगतज्ज्ञाशी पडली. पोट न फाडता, बेंबीजवळच्या लहानशा छेदातून दुर्बिणीसारखे उपकरण आत घालून बीजकोश पाहण्याची आणि त्यातून बीजांड शोषून घेण्याची हातोटी स्टेप्टो यांनी साधलेली होती. आणि लंडनच्या वैद्यकवर्तुळात तिची फारशी वास्तपुस्त होत नव्हती. १९६९ च्या फेब्रुवारीत एडवर्ड्स, बॅरी बॅव्हिस्टर आणि स्टेप्टो यांनी मानवी बीजांडाचे शरीराबाहेर फलन घडल्याचे ‘नेचर’मध्ये जाहीर केले. मेडिकल रिसर्च कौन्सिलकडे त्यांनी केलेला मदतीचा अर्ज १९७१ मध्ये नामंजूर झाला. प्रयोग नीतीला धरून आहे काय, आणि माकडांवर पुरेशी परीक्षा झाल्यावाचून तो स्त्रियांवर करावा काय, या शंका त्या नकाराच्या मुळाशी होत्या. मग खाजगी देणग्यांवर, ओल्डमनजीकच्या डॉ. केर्शॉज कॉटेज हॉस्पिटल या लहान रुग्णालयातील एका खोलीत काम चालू राहिले. या कामातील तिसरी व्यक्ती म्हणजे जीन पर्डी. शिक्षणाने परिचारिका, पण बीजांडे सांभाळण्याचे, त्यांचे विभाजन तासन् तास सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे आणि टिपणे ठेवण्याचे काम तिचे. ओल्डमच्या स्मृतिफलकावर तिचे नाव असलेच पाहिजे असा आग्रह एडवर्ड्स यांनी धरला असताही ते घातले गेले नाही; आणि १९८५ मध्ये ती एकोणचाळीस वर्षांची असता वारली. १९७७ च्या नोव्हेंबरात आठ पेशींचा एक भ्रूण लेस्ली ब्राउन यांच्या गर्भाशयात ठेवण्यात आला, आणि १९७८ च्या जुलैच्या २५ तारखेस, मध्यरात्र होण्यास थोडा अवकाश असता, लुईज ब्राउन जन्मली.

जगाने तिचे छायाचित्र पाहिले; परंतु नीतीचा प्रश्न त्या बालिकेपेक्षा काचेच्या बशीत जे दिसत होते त्याने उत्पन्न केला होता. फलनाच्या वेळी बीजांडाचा व्यास मिलिमीटरचा दहावा हिस्सा, म्हणजे तीक्ष्ण दृष्टीच्या माणसाला जेमतेम ठिपक्याएवढा दिसेल इतका, असतो. तिसऱ्या दिवशी त्याच्या आठ पेशी होतात आणि पाचव्या दिवशी शंभराच्या आसपास पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो, ज्याच्या आतल्या भिंतीला एका बाजूस पेशींचा लहानसा पुंजका चिकटलेला असतो. बाकीच्या पेशी वार आणि आवरणे यांच्या घडणीत खर्ची पडतात. जे मूल पुढे जन्मायचे ते त्या पुंजक्यातून. सहाव्या-सातव्या दिवसापासून हा गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुतू लागतो, आणि दुसरा आठवडा सरता सरता पुरता रुजतो. नंतर, चौदाव्या-पंधराव्या दिवशी, त्या पुंजक्यापासून बनलेल्या चपट्या चकतीच्या एका टोकाकडून मध्यभागाकडे जाणारी एक बारीक रेघ उमटते. भ्रूणशास्त्रज्ञ जिला प्रिमिटिव्ह स्ट्रीक म्हणतात ती हीच. डोके कोणीकडे आणि पाय कोणीकडे, डावे कोणते आणि उजवे कोणते, हे सर्व या रेघेने ठरते. ती उमटण्यापूर्वी तोच भ्रूण दुभंगून त्याची जुळी होऊ शकतात. ती उमटली की येथे एक व्यक्ती घडावयाची की दोन, हा प्रश्न बहुतांशी निकालात निघतो. मज्जासंस्थेचा मागमूसही तोवर नसतो. शिवाय निसर्गात ज्या बीजांडांचे फलन होते त्यांतील पुष्कळशी या पंधरवड्यातच कोणाला न कळता नष्ट होतात. ही सारी माहिती हाती असूनही तिच्यातून कर्तव्याचा बोध आपोआप होत नाही, ही गोष्ट ज्यांनी पुढे ओळखली त्यांच्यापाशी आपण येतो.

चौदा हा आकडा प्रथम अमेरिकेत उच्चारला गेला. तेथील आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याने नेमलेल्या नीतिविषयक सल्लागार मंडळाने १९७९ मध्ये, भ्रूण गर्भाशयात रुजण्याची क्रिया साधारणतः जेव्हा पुरी होते त्या चौदा दिवसांपलीकडे तो प्रयोगशाळेत वाढवू नये, अशी शिफारस केली. पण ते मंडळ लवकरच बरखास्त झाले आणि शिफारस दप्तरात पडून राहिली. ब्रिटिश सरकारने मात्र १९८२ च्या जुलैत एक चौकशी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद मेरी वॉर्नॉक यांच्याकडे सोपविले. वॉर्नॉक या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञानाच्या अध्यापिका. काही वर्षे त्यांनी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचे कामही केले होते आणि अपंग व मंदगती मुलांच्या शिक्षणाविषयीच्या एका महत्त्वाच्या समितीचे अध्यक्षपदही भूषविले होते. परस्परविरुद्ध मतांच्या माणसांना एका मेजाभोवती बसवून त्यांच्याकडून काम करवून घेण्याची सवय त्यांना होती, आणि त्या सवयीचा येथे कस लागला.

या समितीने केलेली पहिली आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे जीव केव्हा सुरू होतो हा प्रश्न तिने बुद्ध्या बाजूस ठेवला. जो प्रश्न वरवर वस्तुस्थितीचा वाटतो पण ज्याच्या पोटात मूल्याचा निर्णय दडलेला असतो, तो शास्त्रज्ञांकडे सोपविला तर शास्त्रज्ञ त्याला शास्त्राच्या भाषेत आपलेच मूल्य उत्तर म्हणून देणार, आणि धर्माधिकाऱ्यांकडे सोपविला तर जे त्या धर्माचे नाहीत त्यांना तो बंधनकारक कसा व्हावा. हे ओळखून समितीने सरळ असे विचारले की, या भ्रूणाशी कसे वागणे उचित होईल? सुखदुःखाचा जमाखर्च मांडून उपयुक्ततावादी जे उत्तर देतात ते वॉर्नॉक यांना अपुरे वाटत होते, कारण माणसांच्या मनात ज्या गोष्टींविषयी तीव्र भावना असतात त्यांना कायद्याने दखलपात्र मानलेच पाहिजे, आणि जेथे कोणतीच हद्द नाही तो समाज नैतिक समाजच नव्हे, अशी त्यांची धारणा होती.

समितीत भ्रूणशास्त्र प्रत्यक्ष जाणणारी व्यक्ती एकच होती: ॲन मॅक्लॅरन. १९५८ मध्ये जॉन बिगर्स यांच्यासह त्यांनी उंदराचे भ्रूण काचपात्रात वाढवून, मादीच्या गर्भाशयात ठेवून, त्यांपासून जिवंत पिल्ले जन्मास आणून दाखविली होती. आणि त्याआधी लंडनमध्ये ज्यांच्या हाताखाली त्यांनी काही काळ काम केले ते जे. बी. एस. हाल्डेन पुढे आपल्याच देशात येऊन, भारतीय नागरिकत्व घेऊन भुवनेश्वरला वारले. मॅक्लॅरन यांनी आपल्या सहकाऱ्यांना, ज्यांत वकील, समाजसेविका, धर्मशास्त्राचे अभ्यासक असे नाना व्यवसायांचे लोक होते, पहिल्या पंधरवड्याची कथा शांतपणे समजावून दिली आणि त्या रेघेचे महत्त्व दाखविले. काहींना हद्द अलीकडे हवी होती, काहींना मज्जासंस्थेची पहिली खूण दिसेपर्यंत थांबता येईल असे वाटत होते. अखेर चौदा दिवसांवर बहुमत झाले. रेघ हे शास्त्रीय निमित्त. पण वॉर्नॉक यांचा भर आकड्यावर होता, आणि त्यामागील त्यांचा हिशेब व्यवहारी होता: विकासाची अवस्था गाठली गेली की नाही याविषयी दोन तज्ज्ञ न्यायालयात भांडत बसतील, पण चौदापर्यंत मोजणे तपासनिसालाही जमते आणि पंचांनाही. आपल्याकडे दोन शेतांमधला बांध असतो, तशीच ही मर्यादा आहे. जमिनीच्या पोटात बांध कोठेच नसतो, तो दोघांच्या संमतीने घातलेला असतो, आणि म्हणूनच तो कोरणारा माणूस मातीपेक्षा अधिक काहीतरी कोरीत असतो.

१९८४ च्या जुलैत अहवाल प्रसिद्ध झाला. मानवी भ्रूणाला कायद्याने काही संरक्षण असावे. परवान्यावाचून त्यावर कोणासही प्रयोग करता येऊ नये. चौदा दिवसांनंतर तो वाढविणे हा फौजदारी गुन्हा ठरावा. आणि परवाने देण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, असा त्याचा सारांश होता. परंतु अहवालाची शेवटची पाने मला अधिक मोलाची वाटतात, कारण तेथे भिन्नमतपत्रिका जोडलेल्या आहेत. सोळांपैकी तीन सभासदांनी, ज्यांत जॉन मार्शल हे मज्जासंस्थेच्या रोगांचे प्राध्यापक होते, भ्रूणावर कोणताही प्रयोग करण्यास आपली संमती नाही असे नोंदविले. दुसऱ्या चौघांनी, वंध्यत्वाच्या उपचारातून उरलेल्या भ्रूणांवर प्रयोग चालतील पण मुद्दाम प्रयोगासाठी भ्रूण निर्माण करू नयेत, असे लिहिले. एकमताचा देखावा उभा करण्यासाठी ही मते मिळमिळीत करून अहवालाच्या पोटात घालणे अवघड नव्हते. तसे झाले नाही. ज्यांना हद्द मान्य नव्हती त्यांचे म्हणणे हद्द घालणाऱ्या दस्तऐवजातच, त्यांच्या सह्यांनिशी, वाचावयास मिळते.

यानंतरची सहा वर्षे पार्लमेंटातील झगड्याची आहेत. ईनॉक पॉवेल यांनी, परदेशातून आलेल्या वसाहतकऱ्यांविषयीच्या १९६८ मधील विखारी भाषणामुळे ज्यांचे नाव इंग्लंडातील मराठी कुटुंबांनाही चांगले ठाऊक होते, एक खाजगी विधेयक आणले. विशिष्ट स्त्रीला मूल व्हावे एवढ्यासाठीच आणि मंत्र्यांच्या मंजुरीनेच भ्रूण निर्माण करता यावा, बाकी सर्व प्रयोग बंद व्हावेत, असा त्याचा आशय. आणि अहवाल वाचताना आपल्याला जी उबग आली तीच आपल्या विरोधाचे मूळ आहे, हे त्यांनी सभागृहात लपविले नाही. त्यांचे राजकारण मला सर्वस्वी त्याज्य वाटते. तरीही माणसाला वाटणारी उबग हा नीतिविचारातील एक पुरावा असतो, एवढे मान्य करण्यास माझी हरकत नाही. १९८५ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या वाचनाला २३८ विरुद्ध ६६ अशा मतांनी विधेयक पुढे सरकले. त्याचा कायदा होणे टळले ते तत्त्वचर्चेने नव्हे. जूनमध्ये डेनिस स्किनर या मजूर पक्षाच्या सभासदाने वेल्समधील एका पोटनिवडणुकीच्या हुकमावर भाषण लांबवून दिवसाचा वेळ खाल्ला, आणि विधेयकाची मुदत संपली. संशोधनाच्या बाजूचे लोक त्या दिवशी जिंकले खरे. पण अशा विजयाने प्रश्न मिटत नाही हे त्यांतील समंजसांनी ताडले, आणि पुढची वर्षे त्यांनी सभासदांना, पत्रकारांना व सामान्य मतदारांना समजावून सांगण्यात घालविली. आनुवंशिक रोगांनी मुले गमावलेल्या आईबापांनी या कामी पुढाकार घेतला.

१९९० मध्ये सरकारी विधेयक आले. लॉर्डांच्या सभागृहात २३४ विरुद्ध ८० मते पडली. तेथे यॉर्कचे आर्चबिशप जॉन हॅबगुड, जे धर्मसेवेत येण्यापूर्वी शरीरक्रियाशास्त्राचे संशोधक होते, संशोधनाच्या बाजूने बोलले. लोकसभेत, पक्षादेश न काढता, एप्रिलच्या २३ तारखेस ३६४ विरुद्ध १९३ मते पडली. त्याच्या अवघे काही दिवस आधी ‘नेचर’मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ॲलन हँडीसाइड, रॉबर्ट विन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे टिपण आले होते, आणि त्याचा परिणाम अनेक सभासदांच्या मनावर झाला. ज्या कुटुंबांत मुलग्यांनाच गाठणारा दुर्धर आनुवंशिक रोग होता, त्यांच्या तीन दिवसांच्या भ्रूणातील एक पेशी अलगद काढून, तो स्त्रीलिंगी की पुल्लिंगी हे तपासून, स्त्रीलिंगी भ्रूण गर्भाशयात ठेवण्यात आले होते, आणि गर्भ राहिले होते.

येथे महाराष्ट्रातील माणसाला थबकावे लागते. जी लिंगपरीक्षा लंडनमध्ये रोगमुक्त मुलींना जन्म देण्यासाठी पुढे आली, त्याच जातीच्या परीक्षेविरुद्ध दोनच वर्षांपूर्वी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने देशातील पहिला कायदा केला होता, कारण येथे गर्भजल तपासून मुलींचे गर्भ पाडले जात होते, आणि मुंबईतील स्त्रीसंघटना, डॉक्टर व कार्यकर्ते १९८५-८६ पासून त्याविरुद्ध झगडत होते. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, आणि गर्भाशयात ठेवण्यापूर्वीच भ्रूणाचे लिंग निवडता येऊ लागल्यावर २००३ च्या दुरुस्तीने तीही वाट अडविण्यात आली. भ्रूण तोच, पेशी काढण्याची सुई तीच. पण वेस्टमिन्स्टरमध्ये ज्या उदाहरणाने मते वळविली ते येथे फौजदारी गुन्ह्याचे उदाहरण ठरते, आणि दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य आहेत असेच मी म्हणेन. भ्रूणाशी वर्तन कसे असावे याचा विचार तो ज्या घरात जन्मणार त्या घरातील स्त्रीच्या स्थितीपासून तोडून करता येत नाही, हे आपल्याला जितक्या कटू अनुभवाने कळले तितके वॉर्नॉक समितीला कळण्याचे कारण नव्हते.

१९९० च्या ब्रिटिश कायद्याने रेघ उमटल्यावर भ्रूण ठेवण्यास वा वापरण्यास मनाई केली, आणि बीजांड व शुक्रजंतू एकत्र केल्याच्या दिवसापासून चौदा दिवस संपेपर्यंत ती रेघ उमटलीच असे समजावे, गोठवून ठेवलेला काळ मात्र धरू नये, अशी तरतूद केली. गोठविलेल्या भ्रूणांना निराळी, पाच वर्षांची, मुदत होती; आणि तिने १९९६ मध्ये एक प्रसंग ओढवला. मुदत वाढविण्याची मुभा आयत्या वेळी दिली गेली, पण तिच्यासाठी दांपत्याची लेखी संमती हवी होती. रुग्णालयांनी पत्रे धाडली, कित्येक पत्रे पत्ता बदलल्यामुळे परत आली, कित्येकांना उत्तरच आले नाही. ऑगस्टच्या पहिल्या तारखेपासून सुमारे ३,३०० भ्रूण द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्यांतून काढून नष्ट करण्यात आले. व्हॅटिकनने कडक निषेध केला, इटलीतून काही स्त्रिया ते भ्रूण दत्तक घेण्यास पुढे आल्या, आणि ज्यांनी कित्येक वर्षे ते भ्रूण जपले होते त्या प्रयोगशाळांतील माणसांना स्वतःच्या हाताने ते काम करावे लागले. कायदा पाळला गेला. त्यात कोणी कसूर केली नाही. तरीही भ्रूणाला द्यावयाचा मान हा दिवसांच्या हिशेबात पुरता मावत नाही, याची जाणीव त्या आठवड्यात पुष्कळांना झाली असावी.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे जी या इतिहासात सहसा मागे पडते. चौदा दिवसांची हद्द घातली गेली तेव्हा चौदाव्या दिवसापर्यंत भ्रूण शरीराबाहेर जगविणे कोणालाच साधत नव्हते. आठवडा-नऊ दिवसांपलीकडे मजल जात नसे. हद्द हाताच्या टप्प्याबाहेर होती, आणि जे करता येत नाही ते न करण्याचे वचन देणे शास्त्रज्ञांना जड गेले नाही. २०१६ मध्ये केंब्रिजच्या मॅग्दालेना झेर्निका-गोएत्झ आणि न्यूयॉर्कच्या अली ब्रिवानलू यांच्या प्रयोगशाळांनी भ्रूण बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंत वाढविले आणि केवळ नियमासाठी प्रयोग थांबविले. त्याबरोबर मर्यादा पुढे नेण्याची चर्चा सुरू झाली. गर्भपात का होतात, वार नीट का रुजत नाही, जन्मजात व्यंगे कोठून येतात, यांची उत्तरे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दडलेली आहेत, असे संशोधक म्हणतात, आणि ते खोटे नाही. मूळपेशींच्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतून सरसकट मनाई काढून टाकली; ब्रिटनमध्ये अठ्ठावीस दिवसांची सूचना पुढे आली आहे. २०२३ मध्ये तर इस्राएलच्या वाइझमन संस्थेत जेकब हाना यांच्या गटाने, बीजांड नाही, शुक्रजंतू नाही, अशा नुसत्या मूळपेशींपासून चौदा दिवसांच्या भ्रूणासारखी दिसणारी रचना घडविली. अशा रचनेला फलनाचा दिवसच नसल्यामुळे १९९० च्या कायद्यातील मोजणी कोठून सुरू करावी हेच कळत नाही. पुढे जाऊ नये असे माझे मत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की, पहिली हद्द घालण्यापूर्वी दोन वर्षे समिती बसली, विरोधकांनी आपले म्हणणे नोंदविले आणि त्यावर सहा वर्षे जाहीर वाद झाला. ती हलविण्यासाठी त्याहून कमी श्रम पुरतील असे कोणी समजू नये.

आपल्या देशाचा या इतिहासाशी संबंध अगदी प्रारंभापासूनचा आहे, आणि त्याची सुरुवात एका अन्यायाने होते. लुईज ब्राउननंतर सत्तर दिवसांनी, १९७८ च्या ऑक्टोबरच्या ३ तारखेस, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी एक मुलगी जन्मली. गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून, जी गोष्ट ओल्डमच्या तिघांनाही तोवर साधलेली नव्हती. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ च्या जूनमध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत परळ येथे, इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन या संस्थेचे संचालक टी. सी. आनंद कुमार आणि के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या कामातून १९८६ च्या ऑगस्टच्या ६ तारखेस हर्षा जन्मली, आणि सगळा देश तिला पहिली मानू लागला. परंतु पुढे कलकत्त्याची कागदपत्रे स्वतः वाचून, पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांचा आहे, असे १९९७ मध्ये आनंद कुमार यांनीच लिहून जाहीर केले. ज्या ओल्डमच्या प्लॅट ब्रदर्स कारखान्याची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी धडधडत होती त्या ओल्डमची ही दुसरी विद्याही गिरणगावातच उतरली, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

विद्या आली, तिच्यामागून नियम आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मूळपेशींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत चौदा दिवस किंवा ती रेघ, यांपैकी जे आधी येईल त्यापुढे भ्रूण वाढविण्यास मनाई आहे. आणि २०२१ च्या सहायक जननतंत्राच्या कायद्याने भ्रूण साठविण्याची कमाल मुदत दहा वर्षे ठेवून, त्यानंतर तो नष्ट होऊ द्यावा किंवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधनसंस्थेला द्यावा, अशी तरतूद केली आहे. तरतुदी चांगल्या आहेत. पण आपण आकडा घेतला आणि त्यामागचा वाद घेतला नाही. चरकाचा संयोगक्षण, गर्भोपनिषदाचा अर्धमास, भ्रूणहत्येला महापातकात गणणारी धर्मशास्त्राची परंपरा, मुलींच्या गर्भांसाठी महाराष्ट्राने केलेला लढा, आणि मुलासाठी वर्षानुवर्षे दवाखान्यांच्या पायऱ्या झिजविणाऱ्या स्त्रियांचे दुःख, यांना एकत्र बसवून आमच्या भाषेत कोणी विचार केला असेल तर तो अत्यल्प आहे. आज नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या वंध्यत्वकेंद्रात दांपत्यापुढे संमतिपत्रक ठेवले जाते, आणि उरलेल्या भ्रूणांचे पुढे काय करावे या प्रश्नासमोरच्या चौकटीत त्यांना खूण करावयाची असते: टाकून द्यावेत, की संशोधनाला द्यावेत. इंग्लंडने आठ वर्षे ज्याचा काथ्याकूट केला तो निर्णय येथे दोन माणसे, उपचाराच्या धास्तीत, काही मिनिटांत घेतात. त्या चौकटीसमोर बसण्यापूर्वी डॉक्टरांनी त्यांना पहिल्या पंधरवड्याची हकीकत मराठीत, घाई न करता सांगितली पाहिजे, आणि खूण करण्यासाठी पत्रक घरी नेऊ दिले पाहिजे.